भावोजींचा नाकेदार

"भावोजी, हा पत्ता कुणाला दाखवू नका," मी आवाज एकदम खाली आणला आणि रुमालात गुंडाळलेला खेळाचा पत्ता काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "मला ठेवता आला असता. पण म्हटलं, घरातच राहू दे."

भावोजींनी आधी दाराकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, नाकावर चढवला. पत्त्यावर एक माणूस आडव्या दांड्याशेजारी काठी घेऊन उभा होता. अंगात ढगळ कोट, चेहरा झोपमोड झाल्यासारखा. खाली नाव: नाकेदार.

"याची ताकद शून्य लिहिली आहे," भावोजी म्हणाले.

"तीच तर गंमत आहे! मुद्दाम शून्य ठेवली आहे, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याच्या लक्षात येऊ नये. या खेळातला राजा आहे हा."

"मग तू मला का देतोस?"

"तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे. आणखी कुणाला देऊ?"

हे बोलताना माझा चेहरा इतका प्रामाणिक होता की आरशात दिसला असता तर मीच फसलो असतो. माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, पण हाताला खरी सवय खोड्या काढायची. एका कार्यालयात मी सांगून आलो होतो, की लिफ्टमध्ये सगळ्यांनी श्वास रोखून धरला तर मोटरवर ताण कमी येतो. तिसऱ्या मजल्यावरचा हिशेब विभाग चार दिवस गाल फुगवून वरखाली करत होता. साहेबसुद्धा.

तर हा नाकेदार. स्टेशनरीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं-पाचजण चित्रांच्या पत्त्यांचा खेळ खेळतो. प्रत्येकानं आपापला चाळीस पत्त्यांचा डेक घरून बांधून आणायचा. वीस जीव घेऊन बसायचं, दर पाळीला डेकमधून नवे पत्ते उचलायचे, ज्याचे जीव आधी संपले तो उठला. छोटे पत्ते एका पाळीत कितीही टाका, बडा पत्ता मात्र एकच. एवढं कळलं की खेळ कळला. नाकेदारावर लिहिलं होतं: हा टेबलावर उभा असेपर्यंत कोणत्याही खेळाडूला एका पाळीत एकच पत्ता टाकता येईल. कोणत्याही म्हणजे टाकणाऱ्यालासुद्धा. स्वतःचेच हात बांधून घेणारा असला पत्ता कोण खेळेल? स्टेशनरीवाला चांगल्या पत्त्यांचा गठ्ठा बांधताना कोपरे दुमडू नयेत म्हणून खाली एक नाकेदार आणि वर एक नाकेदार लावायचा. पुठ्ठा म्हणून.

माझा बेत साधा होता. शनिवारी भावोजी हा राजा मोठ्या थाटात टेबलावर ठेवणार, आम्ही पोट धरून हसणार, भावोजी मला चार शिव्या घालणार, मग सगळ्यांना चहा.

पण भावोजी म्हणाले, "याच्याभोवती नीट डेक बांधल्याशिवाय मी खेळायला बसणार नाही. राजाला शोभेल असा दरबार पाहिजे."

आणि तिथे माझी खोडी माझ्या हातातून सुटली.

*

भावोजी एकतीस वर्षं मालट्रकच्या वजनकाट्यावर होते. गाडी आली की काट्यावर घ्यायची, वजन करायचं, चिठ्ठी द्यायची, गाडी गेली. ती खाली उतरल्याशिवाय दुसरी वर नाही. मागे वीस ड्रायव्हर भोंगे वाजवोत, आईबहीण काढोत, भावोजींचा चेहरा त्या पत्त्यावरच्या माणसासारखाच. मागच्या वर्षी तिथे कॅमेरे आले, लाल-हिरवे दिवे आले, आणि भावोजींना सांगितलं, की आता तुम्ही घरी आराम करा.

त्यांनी इतका आराम केला की बोलणंच बंद झालं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं "हं". ताई मला फोनवर आकडा सांगायची. "काल दिवसभरात अकरा शब्द. त्यात चार वेळा 'हं'." मीच मग त्यांना शनिवारी ओढून नेऊ लागलो. ते कोपऱ्यात खुर्ची टाकून आमचा खेळ बघत बसायचे, कुणी विचारलं तर मान हलवायचे. स्टेशनरीवाल्यानं त्यांना जुन्या पत्त्यांचा एक डबाच देऊन टाकला होता.

नाकेदार दिल्यावर तीन आठवडे ते आलेच नाहीत. चौथ्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"तू त्यांना काय दिलंस रे?"

"का? काय झालं?"

"अरे, बोलतायत! सकाळी उठल्यापासून. हत्ती काय, माश्या काय, नाकेदार काय. परवा जेवताना म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. वर्षभरात पहिल्यांदा! मला इतका आनंद झाला की मी उठून डोळे पुसून आले, मग भांडले."

मला हसू आवरेना. आणि माझी जीभ म्हणजे ब्रेक नसलेली लिफ्ट. सगळी गंमत मी ताईला सांगून टाकली. राजा, रुमाल, पुठ्ठा, सगळं.

पलीकडे शांतता. ताई लहानपणी मला मारायच्या आधी अशीच शांत व्हायची.

"गधड्या," ती म्हणाली. "पंचावन्नाचा घोडा झालास. या शनिवारी ते यायचं म्हणतायत. त्या चार माणसांसमोर त्यांचं हसं झालं ना, तर ते पुन्हा 'हं' वर जातील. आणि या वेळी परत येणार नाहीत. मी एका मुक्या माणसाबरोबर म्हातारी व्हायची. तुझ्या गमतीपायी."

"मी शनिवारच्या आधी सांगून टाकतो."

"आज सांग."

*

संध्याकाळी गेलो. भावोजींनी पलंगावरची चादर ताणून बसवली होती आणि तिच्यावर चाळीस पत्ते रांगेनं मांडले होते. चालायला जागा नव्हती म्हणून मी दारातच उभा राहिलो.

"ये ये! बरा आलास. हे बघ, आणखी तीन मिळाले," भावोजींनी चार नाकेदार पंख्यासारखे धरून दाखवले. "त्या स्टेशनरीवाल्याकडे गेलो, म्हटलं आहेत का. त्यानं गठ्ठ्यातून उपसून असेच दिले. अरे, वेडा आहे तो. त्याला किंमतच माहीत नाही!"

"भावोजी, त्याचं असं आहे..."

"थांब, आधी ऐक. मी विचार केला, हा सगळ्यांनाच एका वेळी एक टाकायला लावतो, म्हणून लोक घाबरत असतील. पण मला काय फरक पडतो? मी मुळात बडे पत्तेच घेतले. ते तसेही पाळीला एकच निघतात. बारा हत्ती घातलेत. एकतीस वर्षं एका वेळी एकच केलं ना मी, मला सवय आहे."

ते हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत. वरच्या बाजूला त्यांना एक सोन्याचा दात आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

"काय सांगत होतास?"

"काही नाही. शनिवारी वेळेवर या, एवढंच."

मागे स्वयंपाकघराच्या दारातून ताई माझ्याकडे अशी बघत होती, की मी जिना न बघता उतरलो.

*

मग मी मला जमतं ते केलं. एक खोडी निस्तरायला दुसरी खोडी रचली. शुक्रवारी सगळ्यांना गाठलं.

डेंटिस्टबाई आमच्या टेबलावरच्या सम्राज्ञी. त्यांचा डेक माश्यांचा. प्रत्येक माशी दर पाळीला समोरच्याचा एक जीव खाते, आणि बाई एका दमात पाच-पाच माश्या सोडतात. माणूस डोळे मिटून उघडेपर्यंत संपलेला असतो. त्यांच्याकडे दात काढायला गेलेले लोकसुद्धा असंच सांगतात.

"मी मुद्दाम हरू?" बाई म्हणाल्या. "मी माझ्या सख्ख्या भावाला कधी जिंकू दिलं नाही."

"एकदाच. माणूस वर्षानं बोलायला लागलाय हो."

बाईंनी हातमोजे काढले. "एकच डाव."

ड्रायव्हिंग स्कूलवाले सर लगेच तयार झाले. परीक्षेत नापास होणाऱ्यांना "फार छान चालवता" म्हणायची त्यांना सवयच आहे. स्टेशनरीवाल्याला मी दम दिला. "पुठ्ठा हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

शनिवारी भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईनं भांग पाडून दिला असावा, कारण तो सरळ होता. बाईंच्या समोर बसले, डेक काढला, बाईंनी तो अर्ध्यात कापून दिला. आम्ही तिघं कडेनं उभे.

डाव सुरू झाला. बाईंनी एक माशी सोडली. पुढच्या पाळीला पुन्हा एक. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, आज पत्तेच येत नाहीत!" इतका वाईट अभिनय मी शाळेच्या नाटकातसुद्धा पाहिला नव्हता. भावोजींना एकही नाकेदार आला नाही, तरी त्यांचे दोन हत्ती येऊन उभे राहिले. हत्ती एका पाळीत समोरचे दोन पत्ते तुडवतो, आणि समोर कुणी नसेल तर थेट तीन जीव घेतो. बाईंचे वीसचे शून्य व्हायला वेळ लागला नाही.

"वा! क्या बात है!" सर ओरडले.

"काय डेक बांधलाय!" स्टेशनरीवाला म्हणाला. मी तर टाळ्याच वाजवल्या.

भावोजी हसले नाहीत. त्यांनी मान किंचित तिरकी केली, जणू लांबून काहीतरी ऐकू येतंय.

"बाई, हातातले पत्ते उलटे करता का?"

"कशाला? डाव संपला की."

"बघू द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. बाईंनी पत्ते उलटे केले. सात माश्या.

भावोजी त्या सात माश्यांकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "काट्यावर गाडी घेताना ड्रायव्हर एक चाक बाहेर ठेवतात. वजन कमी भरावं म्हणून. मी खोलीत बसून ओळखायचो. पूर्ण गाडी चढली की पत्र्याचा आवाज वेगळा येतो." त्यांनी वर पाहिलं. कुणाकडे पाहिलं ते सांगायला नको. "चाक कुणी बाहेर ठेवायला सांगितलं?"

आयुष्यात मी शेकडो थापा मारल्या असतील. त्या क्षणी एकही आठवेना.

"मी," म्हटलं. "भावोजी, नाकेदार राजाबिजा नाही. मी तुमची फिरकी घेतली होती. मग तुम्ही बोलायला लागलात, आणि मला... म्हणून मी यांना सांगितलं."

"म्हणजे हा पत्ता भिकार आहे?"

स्टेशनरीवाला चपला बघत पुटपुटला, "आम्ही गठ्ठ्याला लावतो. पुठ्ठा म्हणून."

भावोजींनी पत्ते गोळा केले. घाई नाही. चारी कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, रबर लावलं, डेक पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं. "हं," म्हणाले, आणि उठले.

तो "हं" म्हणजे लिफ्टची तुटलेली दोरीच. आता ताईला कुठल्या तोंडानं भेटू?

"बसा खाली!"

डेंटिस्टबाई कडाडल्या. आवाज असा की सरांनी सवयीनं हवेत ब्रेक दाबला.

"मुद्दाम हरले म्हणून तुम्हाला लागलं? मला नाही लागलं? दहा वर्षांत मी इथे हरलेली नाही. पहिल्यांदा हरले ती या सोंगाड्याच्या सांगण्यावरून! मला झोप लागणार नाही आज. बसा. खरं खेळते. कच्चं खाते तुम्हाला."

भावोजी दारात उभे होते. एक पाय बाहेर, एक आत.

"दया नको," ते म्हणाले.

"दया? मी भूल न देता खेळते."

भावोजी आत आले. बसले. पिशवीचं तोंड सोडलं.

*

बाईंनी खरंच भूल दिली नाही. पहिल्या पाळीला चार माश्या. दुसऱ्या पाळीला पाच. भावोजी एक हत्ती उभा करायचे, तो दोन माश्या तुडवायचा, तोवर बाईंच्या पाच नव्या यायच्या. चावे बसत होते. सर कागदावर जीव लिहीत होते: वीस, सोळा, बारा. मला बघवेना, पण बघत होतो. दोन हत्ती उभे होते, समोर सहा माश्या, आणि भावोजींचे जीव उरले सहा. आणखी दोन-तीन पाळ्यांत खेळ खलास.

भावोजींच्या हत्तींनी चार माश्या तुडवल्या. दोन उरल्या. मग त्यांनी हातातला एक पत्ता काढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

नाकेदार.

"आता पाळीला एकच," भावोजी म्हणाले.

"माहीत आहे," बाई फणकारल्या. दोन माश्यांनी दोन जीव घेतले. भावोजी चारवर. बाईंनी हातातल्या पाच माश्या सवयीनं पुढे केल्या, थांबल्या, चार परत घेतल्या. एक ठेवली.

हत्तींनी तिन्ही तुडवल्या.

बाईंनी पुन्हा एक ठेवली. ती एका हत्तीनं तुडवली, दुसऱ्यानं बाईंचे तीन जीव घेतले. पुन्हा एक. पुन्हा तेच. बाईंचा हात पत्त्यांनी भरत चालला. नऊ पत्ते. दहा. माश्या हातातच गुणगुणत बसलेल्या, बाहेर यायला वाट नाही.

"अहो, हा तर..." सर म्हणाले आणि कागदावर आकडा लिहिला.

बाईंनी ओठ आवळले. "वादळ!" आणि एक पत्ता आपटला. वादळ टेबलावरचा कुठलाही एक पत्ता उडवतं. नाकेदार उडाला.

स्टेशनरीवाल्यानं श्वास सोडला. मी धरला.

"झाली तुमची पाळी?" भावोजींनी विचारलं.

बाईंनी हातातल्या माश्यांकडे पाहिलं. वादळ टाकलं तेव्हा नाकेदार उभा होता. म्हणजे त्यांचा एक पत्ता तिथेच खर्च झाला होता.

"झाली," त्या दातांतून म्हणाल्या.

भावोजींनी दुसरा नाकेदार ठेवला.

मग मी एक गोष्ट पाहिली. भावोजी माश्यांकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या हाताकडे बघत होते, बोटं कुठल्या पत्त्याशी घुटमळतात तिकडे. एकतीस वर्षं त्यांनी काचेतून घाईतली माणसं पाहिली होती. घाईतला माणूस पुढे काय करेल हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा आधी कळत होतं. बाईंनी दुसरं वादळ काढलं, तर भावोजींनी ते टेबलावर पडायच्या आधीच तिसरा नाकेदार बोटांत धरला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" बाई ओरडल्या.

"तुम्ही श्वास घेतलात."

"माणसानं श्वास घेऊ नये का?"

"घ्या की. पण एका वेळी एक."

सर खो खो हसले. स्टेशनरीवाला हसला. आणि बाई, हातात अकरा पत्ते धरून, आधी रागानं लाल झाल्या, मग त्यांच्या तोंडातून हसू फुटलं ते थांबेचना. "मरा!" त्या म्हणाल्या. "मरा तुम्ही आणि तुमचा तो कोटवाला!" आणि पुढच्या पाळीला हत्तींनी त्यांचे उरलेले जीव घेतले.

सरांनी कागदावर शून्य काढलं आणि ते दोनदा गिरवलं.

बाईंनी हातातले सगळे पत्ते टेबलावर टाकले. उठल्या, टेबलाला वळसा घालून तिसरा नाकेदार उचलला, उजेडात धरून पुढूनमागून पाहिला.

"दहा वर्षं हा आमच्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही एकदाही नीट वाचला नाही." मग स्टेशनरीवाल्याकडे वळून, "गठ्ठ्याला लावलेले आणखी किती आहेत?"

"बघतो," तो म्हणाला आणि घाईघाईनं दुकानात गेला. पाठोपाठ सरही गेले. "मलासुद्धा चार हवेत! आधी मी बोललो!"

"आधी मी," बाई म्हणाल्या.

भावोजी जागेवरच होते. त्यांचे दोन्ही हात टेबलावर पालथे. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान मला शिवी तरी देतील. मी ती घ्यायला तयार होऊन उभा होतो. ते उठले, "आलोच" म्हणाले आणि खोलीच्या टोकाला बेसिन आहे तिकडे गेले. दार लोटलं.

नळाचा आवाज आला. पाणी चालू राहिलं. हात धुवायला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ, तोंड धुवायला लागतं त्याहूनही जास्त वेळ. दुकानातून परत आलेले सर काहीतरी बोलायला गेले, तर बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि आपले पत्ते हळूहळू पिसत बसल्या. माझ्या जिभेवर एक भारी विनोद आला होता. मी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो अजूनही सांगणार नाही.

दार उघडलं. भावोजींचा चेहरा ओला, कॉलर ओली, सरळ भांग विस्कटलेला. बाईंनी पर्समधून कागदी रुमाल काढून पुढे केला. भावोजींनी त्यानं आधी चष्मा पुसला, मग चेहरा, मग रुमालाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली. खुर्चीवर बसले. डेक पिसला, टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"पुढचा कोण?"